मंडपांची वादळी वाऱ्यातील सुरक्षितता

विवाह, उत्सव, सभा, कीर्तन-सप्ताह इत्यादी कार्यक्रमांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या मंडपाखाली जमलेल्या लोकांना वाऱ्यामुळे होणाऱ्या अपघातांपासून वाचविण्याच्या उपाययोजनेस मंडपांची वाऱ्यातील सुरक्षितता असे म्हणता येईल. या उपाययोजनेची दोन अंगे आहेत : मंडपाची भक्कम उभारणी आणि वारा वाढू लागताच मंडप वेळेवर रिकामा करण्याची व्यवस्था. मंडप हा पक्क्या इमारतीप्रमाणे प्रत्येक वादळात टिकावा अशा हेतूने बांधलेला नसतो. त्यामुळे दुसरे अंग पहिल्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

विवाहमंडपाचा पहिला खांब शुभवेळी रोवण्याच्या विधीस 'मुहूर्तमेढ' म्हणतात. जुन्या मांडवाच्या मेढी जमिनीत पुरलेल्या असत आणि छत डहाळ्यांचे असल्याने त्यातून वारा आरपार जात असे. आजच्या मंडपाचे छत ताडपत्रीचे, जाड कापडाचे किंवा पत्र्याचे असते. ते वारा अडवते. शिवाय डांबरी रस्त्यावर वा फरसबंदीवर खांब पुरता येत नाहीत, ते बैठकीच्या पट्टीवर नुसते उभे केले जातात. म्हणजे वाऱ्याचा भार वाढला आणि जमिनीची पकड मात्र कमी झाली.

देहूरोड परिसर

पुणे-मुंबई महामार्गावरील देहूरोड आणि लगतच्या देहू-किवळे परिसरात मंडपांचा हंगाम व वादळी हवेचा काळ बऱ्याच अंशी एकच असतो. फाल्गुनात तुकाराम बीज, त्यानंतर लग्नसराई आणि ज्येष्ठात पालखी-प्रस्थान असा हा क्रम आहे. मार्च ते जून या महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दाटतात. अशा ढगातून पावसाबरोबर खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूबाजूंस पसरते. तिचा झोत पुष्कळदा पावसाच्या आधीच पोहोचतो व वाऱ्याची दिशा काही क्षणांत पालटते. याउलट, १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या २५ डिसेंबरच्या वर्धापनदिनी हवा सहसा शांत असते.

१७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे वादळी पावसात लोखंडी जाहिरातफलक कोसळून त्याच्या आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. हा अपघात मंडपाचा नसला, तरी वाऱ्यात डळमळणाऱ्या उभारणीचा आसरा घेणे किती घातक असते हे त्यातून दिसते.

वाऱ्याचा दाब

भारतीय मानक आयएस ८७५ (भाग ३) यानुसार वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याच्या वर्गास ०.६ ने गुणले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. १५ मीटर लांब व ३ मीटर उंच कनातीवर ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर सुमारे २७५ किलोग्रॅम वजनाइतका येतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की तो चौपट, सुमारे १,१०० किलोग्रॅम होतो. म्हणूनच सकाळच्या वाऱ्यात ताठ उभा राहिलेला मंडप सायंकाळच्या झोतातही टिकेल असे अनुमान काढता येत नाही.

वारा मंडपाला केवळ ढकलत नाही, तर वर उचलतोही. एक बाजू उघडी आणि बाकीच्या तीन बंद असल्यास आत कोंडलेली हवा छताला खालून रेटते, तर वरून वाहणारा वारा त्याला ओढतो.

उभारणीतील दक्षता

- ताणदोर (तणावे) चारही दिशांना असावेत; वाऱ्याची नेहमीची दिशा धरून एकाच बाजूस बांधू नयेत.
- मेख मंडपाच्या विरुद्ध बाजूस झुकती ठोकावी. कठीण मुरमात ती पुरेशी खोल गेली आहे का, हे ओढून पाहावे. नदीकाठच्या काळ्या मातीत पावसानंतर मेखा सैल होतात, म्हणून त्या पुन्हा तपासाव्यात.
- मेख ठोकता येत नसेल तेथे पाण्याची पिंपे किंवा काँक्रीटचे ठोकळे वापरतात. २०० लिटरच्या भरलेल्या पिंपाचे वजन सुमारे २०० किलोग्रॅम असले, तरी आडव्या ओढीने ते त्याहून पुष्कळ कमी जोरातही घसरते. चार-दोन वाळूची पोती म्हणूनच पुरत नाहीत.
- कनाती झटकन सोडता येतील अशा बांधाव्यात. जर्मन हँगरसारख्या सांगाडी मंडपात मात्र बाजू उघडण्याविषयी उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात.
- छताला उतार द्यावा. ताडपत्रीच्या झोळात एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर १०० किलोग्रॅम भार येतो.
- मंडपाला झाड, विजेचा खांब किंवा जाहिरातफलक यांचा आधार देऊ नये.

मंडप रिकामा करणे

२३ जून २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे रामकथेचा मंडप वादळात कोसळून किमान १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काहींचा मृत्यू विजेच्या धक्क्याने झाला. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी वादळी झोताने रंगमंचाचा सांगाडा कोसळून सात जण दगावले. कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे तेथे स्पष्ट ठरलेले नव्हते, असे नंतरच्या चौकशीत आढळले.

त्यामुळे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच तो थांबविण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे सोपवावा. मुहूर्त, मानकरी वा पाहुणे यांमुळे तिचा निर्णय अडू नये. भारतीय हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी तात्कालिक इशारे देतो, ते या व्यक्तीने पाहत राहावे. मोठ्या फांद्या हलू लागणे, तारांतून शिट्टीसारखा आवाज येणे व छत्री सावरणे कठीण जाणे ही ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याची लक्षणे होत. ती दिसेपर्यंत मंडप रिकामा झालेला असणे इष्ट असते.

ध्वनिवर्धकावरून सूचना देऊन लोकांना शाळा, मंगल कार्यालय अशा ठरवून ठेवलेल्या पक्क्या इमारतीत न्यावे. लोक बाहेर पडू लागताच मुख्य वीजपुरवठा बंद करावा आणि जनित्र आपोआप सुरू होणार नाही याची खात्री करावी. प्रकाशासाठी बॅटरीवरील दिवे ठेवावेत. उडू पाहणारे छत हाताने किंवा खांबाला लटकून धरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. वारा ओसरल्यावर दोर, मेखा, सांधे व वीजजोडणी तपासल्याखेरीज मंडपात पुन्हा प्रवेश देऊ नये.