टाकी भरलेली, काटा शून्यावर

सेस्ना 172 हे फ्लाइंग स्कूलमध्ये शिकणाऱ्यांच्या ओळखीचं विमान. त्याच्या दोन्ही पंखांत एकेक इंधनटाकी असते. 172 एस या प्रकारात प्रत्येक टाकीत सुमारे 106 लिटर इंधन मावतं. त्यातलं साधारण 100 लिटर वापरता येतं. तळाशी उरणारं इंधन इंजिनापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. समजा, सकाळी मास्टर स्विच चालू केला आणि उजव्या टाकीचा काटा शून्यावरून हललाच नाही. सेंडर गेला, नवा मागवा, असं कुणीतरी लगेच म्हणतं. पण भाग बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे सिद्ध व्हायला हवं.

त्यासाठी रचना आधी समजून घेऊ. मोटरसायकलच्या टाकीत असतो तसाच इथेही टाकीत बसवलेल्या सेंडरला एक फ्लोट असतो. इंधनाबरोबर तो वरखाली होतो, त्याचा दांडा फिरतो आणि दांड्याला जोडलेला संपर्क एका रोधपट्टीवरून सरकतो. त्यामुळे रोध बदलतो, त्यानुसार वीजप्रवाह बदलतो आणि पॅनेलवरचा काटा हलतो. म्हणजे साखळी अशी: वीजपुरवठा, गेज, वायर, सेंडर आणि शेवटी सेंडरच्या धातूच्या अंगातून विमानाच्या सांगाड्यात जाणारं अर्थिंग. यातला कुठलाही दुवा निखळला तरी पायलटला दिसतो तो फक्त चुकलेला काटा.

पहिलं काम पंखावर चढून करायचं. विमान सपाट जागी उभं करून डिपस्टिकने टाकीतलं इंधन मोजायचं. टाकी खरोखरच रिकामी असेल तर काटा बरोबर आहे आणि शोध गळतीचा घ्यायला हवा. टाकी भरलेली असेल तर पुढची पायरी.

दोन्ही काटे मेलेले असतील तर दोन्ही सेंडर एकाच वेळी गेले असण्याची शक्यता फार कमी. सर्किट ब्रेकर आणि गेजचा सामाईक वीजपुरवठा आधी तपासावा. एकच काटा चुकत असेल तर त्याची चाल नीट पाहावी. काटा एका टोकाला चिकटून बसला असेल तर वायर तुटलेली किंवा कुठेतरी अंगाला टेकलेली असू शकते. इंधन कमी झालं तरी काटा मधेच अडकून राहत असेल तर फ्लोट अडकला असावा किंवा दांडा वाकला असावा. जमिनीवर विमान स्थिर असतानाही काटा उड्या मारत असेल तर झिजलेली रोधपट्टी किंवा सैल जोडणी. नेहमीच कमी दाखवत असेल तर फ्लोटमध्ये इंधन शिरून तो जड झाला असू शकतो.

आता मल्टिमीटर. मास्टर स्विच बंद करून सेंडरची वायर सोडवायची आणि सेंडरचं टर्मिनल व त्याचं अंग यांच्यामधला रोध मोजायचा. आकडा मेंटेनन्स मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे का आणि डिपस्टिकच्या मापाशी जुळतो का, हे पाहायचं. मीटरसुद्धा मॅन्युअलला मान्य असलेलाच हवा, कारण ही मोजणी इंधनाच्या वाफेशेजारी होते. मग सेंडरचं अंग आणि विमानाचा सांगाडा यांच्यामधला रोध बघायचा. तो जवळजवळ शून्य असायला हवा. पुष्कळदा दोष इथेच सापडतो. स्क्रूखाली पांढुरका गंज साचलेला असतो आणि जागा साफ करून जोडणी घट्ट केली की काटा जागेवर येतो. सेंडर आणि अर्थिंग दोन्ही ठीक निघाले तर उरतात वायर आणि गेज.

सेंडर दोषी ठरला तरच तो काढायचा. त्याआधी टाकी रिकामी करायची, विमानाला अर्थिंग जोडायचं, हवा खेळती ठेवायची आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा. बाहेर काढलेल्या सेंडरचा फ्लोट हाताने अगदी सावकाश खालून वर न्यावा. रोध सलग बदलायला हवा. काट्याचा जुना ॲनालॉग मीटर इथे जास्त उपयोगी, कारण रोधपट्टी जिथे झिजलेली असते तिथे त्याचा काटा झटकन उडतो. डिजिटल मीटरवर ती क्षणभराची उडी निसटू शकते. परत बसवताना गॅस्केट नवं, आणि नंतर गळतीची तपासणी.

काटा हलू लागला म्हणजे काम संपलं असं समजू नये. वापरता न येणारं इंधन तेवढं टाकीत उरलेलं असताना काटा शून्य दाखवतो का, हे आधी तपासायचं. 172 एसमध्ये हे प्रत्येक टाकीमागे सुमारे 5.7 लिटर. मग मोजून टप्प्याटप्प्याने इंधन भरत प्रत्येक टप्प्यावर काटा पडताळायचा. गेज फक्त शून्यावर अचूक असलं तरी पुरतं, असा समज अनेक पायलटांमध्ये आहे. तो चुकीचा आहे. काट्याने मधली पातळीही दाखवायलाच हवी.

ही पडताळणी टाळली की काय होतं, हे 6 ऑगस्ट 2005 रोजी दिसलं. ट्युनिंटर या विमान कंपनीच्या एटीआर 72 विमानाचं इंधनगेज आदल्या दिवशी बदललं होतं. बसवलेलं गेज एटीआर 42 चं होतं. दिसायला सारखं, जागेवर नीट बसणारं, पण वेगळ्या टाक्यांसाठी आखलेलं. टाक्या रिकाम्या होत गेल्या तरी ते भरपूर इंधन दाखवत राहिलं. दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान सिसिलीतल्या पालेर्मोजवळ समुद्रात उतरवावं लागलं आणि 39 पैकी 16 जणांचा जीव गेला. त्या विमानातली मोजण्याची पद्धत फ्लोटची नव्हती, पण धडा सेस्नालाही तोच लागू आहे: पार्ट नंबर मॅन्युअलशी ताडून पाहा आणि दुरुस्तीनंतर काट्याचा आकडा टाकीतल्या प्रत्यक्ष मापाशी जुळवा.

हे सगळं काम परवानाधारक अभियंत्याचं. काय बिघडलं होतं, काय तपासलं, काय बदललं, हे त्याने लॉगबुकात स्पष्ट लिहावं, कारण पुढच्या वेळी तोच काटा चुकला तर दुसऱ्या कुणालातरी तिथूनच सुरुवात करायची असते. पायलटाने मात्र काटा कितीही चोख असला तरी उड्डाणाआधी टाकीचं झाकण उघडून इंधन स्वतः मोजावं.