दोन मुलं, एक सायकल आणि सोमवारची गादी

जपानमधल्या अनेक पाळणाघरांत मुलांची दुपारच्या झोपेची गादी शुक्रवारी धुवायला घरी येते आणि सोमवारी सकाळी परत जाते. ती नेते बहुतेक वेळा आईच, तीही सायकलवरून. मागच्या सीटवर चार वर्षांचं मूल, पुढे हँडलपाशी दीड वर्षाचं, गादीची भलीमोठी पिशवी, शिवाय स्वतःची ऑफिसची बॅग. पाळणाघर झालं की तशीच स्टेशनवर. या सायकलीला तिकडे ‘मामाचारी’ म्हणतात. तोक्योच्या निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तिथल्या मराठी घरांनाही हे दृश्य ओळखीचं आहे.

2008 च्या सुमारास जपानच्या राष्ट्रीय पोलीस यंत्रणेनं सायकलवरून दोन मुलं नेण्याची बंदी कडकपणे राबवायचं ठरवलं. नियम जुनाच होता, पण तोवर त्याकडे काणाडोळा होत असे. आया खवळल्या. दोन मुलांना पाळणाघरात पोचवायचं तरी कसं? जन्मदर घटतोय म्हणून सरकार चिंतेत असतानाच हे चाललं होतं. यंत्रणेनं तज्ज्ञांची समिती बसवली आणि दोन मुलं सुखरूप नेणारी सायकल कशी असावी, हे कारखानदारांपुढे मांडलं. सांगाडा मजबूत हवा, ब्रेक पुरेसे हवेत, उभी केल्यावर ती स्थिर राहावी, चालवताना थरथरू नये, अशा त्या अटी होत्या. जुलै 2009 पासून त्या अटींत बसणाऱ्या सायकलींवर दोन मुलं न्यायला परवानगी मिळू लागली. वाहतुकीच्या नियमांच्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. आयांची रोजची गरज खरी मानून तिच्यासाठी यंत्र बदललं गेलं.

अटींमध्ये ‘उभी केल्यावर’ हा भाग आला, त्याला कारण आहे. चालत्या सायकलीचा तोल हँडल किंचित वळवून सावरता येतो. उभ्या सायकलीला तो आधार नसतो. आई कुलूप लावायला वाकते, मूल एका बाजूला झुकतं, पुढचं चाक वळतं आणि सगळं कलंडतं. मूल पट्ट्यानं बांधलेलं, त्यामुळे त्याला स्वतःला सावरता येत नाही. म्हणून या सायकलींना रुंद, दोन पायांचं स्टँड असतं. अनेक मॉडेलांत स्टँड लावलं की हँडलही आपोआप अडकतं. चाकं बहुधा 20 इंची, म्हणजे मागची सीट खाली येते आणि वजन जमिनीजवळ राहतं. हेल्मेट आधी, सीटवर बसवणं नंतर. सामान आधी चढवायचं, मूल सगळ्यात शेवटी. उतरवताना मूल पहिलं.

एवढा भार चढावर न्यायचा तर पायांत बळ हवं. यामाहानं 1993 मध्ये पेडलला विजेच्या मोटरची जोड देणारी सायकल बाजारात आणली होती. 2008 च्या अखेरीस या मोटरच्या जोरावरचा नियम सैल झाला. ताशी 10 किलोमीटरपर्यंत मोटरला पायांच्या दुप्पट जोर लावता येऊ लागला. पुढे तो कमी होत जातो आणि 24 ला थांबतो. सिग्नलवरून निघताना, जिथे तोल सर्वांत नाजूक असतो, तिथेच ही मदत मिळते.

पुण्यात सायकलींचं राज्य होतं तेव्हा दांडीवर छोटी सीट, कॅरिअरवर थोरलं मूल आणि हँडलला दोन्हीकडे भाजीच्या पिशव्या, ही स्वारी सर्रास दिसे. डबलसीटला पोलीस हटकत, तरी घर त्यावरच चालायचं. पण सायकल बनवणाऱ्यानं मुलाचा विचार केलेला नव्हता. हँडलच्या पिशव्या हेलकावे घेत आणि वळताना दगा देत. तेच वजन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारखं वाटून बांधलं तर सायकल शांत राहते. कॅरिअरवरच्या मुलाची टाच स्पोकमध्ये अडकण्याची जखम हाडांच्या डॉक्टरांना चांगलीच ओळखीची. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला साडीसाठी जाळी असायची, ती पोरांचे पायही वाचवायची. मुलं बसणाऱ्या प्रत्येक सायकलला ती असायला हवी होती.

जपानची ही दोन मुलांची सायकल स्वस्त नाही. मोटरची तर फारच महाग, आणि वजन 30 किलोच्या घरात. म्हणून जपानमधल्या काही नगरपालिकांनी दोन मुलांच्या सायकलीसाठी पालकांना अनुदान दिलं, काहींनी त्या भाड्यानं दिल्या. मूल शाळेत जाऊ लागलं की सायकल परत करायची. ती मग दुसऱ्या घरी जाते. आपल्या महापालिकांनी सायकल मार्गांवर खर्च केला आहे. त्यातला थोडा भाग अशा सायकलींकडे वळवला, तर त्या मार्गांवर आयाही दिसतील.