साखरेचा चुना

जिंजरब्रेडचं घर करायला बसणारे बहुतेक जण आपण केक करतोय अशा समजुतीत असतात. छप्पर घसरतं ते तिथेच. हे काम हलवायाचं कमी आणि गवंड्याचं जास्त. एका नाताळात मी बहिणीकडे न्यूरेंबर्गला होतो. आठ वर्षांच्या भाचीनं मला हाताखाली घेतलं आणि मी कापलेली पहिलीच भिंत खाऊन टाकली. "मामा, ती वाकडी होती."

न्यूरेंबर्ग म्हणजे या खाऊचं माहेरच. भोवतालच्या जंगलात मध मुबलक, आणि मसाल्याचे व्यापारी रस्ते शहरातूनच जाणारे. इथला 'लेबकुखन' त्यातून जन्मला. 1643 मध्ये तो भाजणाऱ्यांचा वेगळा कारागीर-संघ झाला. आज शहराच्या हद्दीबाहेर केलेल्या लेबकुखनाला न्यूरेंबर्गचं नाव लावता येत नाही. गंमत म्हणजे त्यात आल्याचा मान दुय्यम. दालचिनी, लवंग, वेलदोडा, धने, जायपत्री यांचाच घमघमाट. जर्मनीत काही ठिकाणी याला 'फेफरकुखन', म्हणजे मिऱ्याचा केक म्हणतात. त्यात मिरी असेलच असं नाही. पूर्वी दूरदेशीच्या सगळ्याच मसाल्यांना तिकडे सरसकट 'मिरी' म्हणत. मलबारच्या मिरीचा दबदबाच तेवढा.

घराची कल्पना रुजली ती हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीमुळे. ग्रिम बंधूंनी ती 1812 मध्ये छापली. त्यात चेटकिणीचं घर पावाचं, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. मसाल्याच्या लेबकुखनाचं घर लोकांनी मागाहून केलं. जर्मनीत त्याला आजही चेटकिणीचं घर म्हणतात. येशूजन्माच्या सणाला पोरं खाणाऱ्या बाईचं घर हौसेनं बांधायचं, यात तिथे कोणालाच काही वावगं वाटत नाही.

आता बांधकाम. मैदा, मध किंवा काकवी, तपकिरी साखर, लोणी आणि मसाले. सोडा अगदी बेतानं, कारण भिंत फुगली की माप गेलं. कणीक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची, पाच-सहा मिलिमीटर जाड लाटायची आणि कागदी साचे ठेवून कापायची. त्रिकोणी माथ्याच्या दोन भिंती, बाजूच्या दोन, छपराची दोन पाखी. खिडकीच्या भोकात रंगीत गोळ्यांचा चुरा भरला की ओव्हनमध्ये तो वितळून काच होतो. भिंती बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच, साचा पुन्हा ठेवून कडा सरळ कापायच्या. गार झाल्यावर सुरी लावाल तर तडा ठरलेला.

चुना साखरेचा. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण 200 ग्रॅम आयसिंग शुगर, टोकं ताठ उभी राहीपर्यंत फेटलेली. पांढऱ्यातल्या पाण्यात थोडी साखर विरघळते, पाणी उडालं की तिचे स्फटिक धरतात आणि अंड्यातली प्रथिनं ते एकमेकांत बांधून ठेवतात. भांड्यावर सतत ओलं फडकं हवं, नाहीतर चुना भांड्यातच घट्ट होतो. मुलं खाणार असतील तर कच्च्या अंड्याऐवजी पाश्चराइज केलेलं पांढरं घ्यावं.

आणि मग थांबायचं. भिंती डब्यांच्या आधारानं निदान दोन तास वाळल्याशिवाय छप्पर चढवायचं नाही. हेच मुलांना जमत नाही. मोठ्यांनाही नाही, मी साक्षीदार आहे. आमच्या दिवाळीतल्या किल्ल्याचं बरं होतं. बुरूज खचला की पाणी मारून पुन्हा थापायचा. माती माफ करते, साखर करत नाही. तासाभरात मी चढवलेलं पाखं गॅलरीतून सतरंजी सरकावी तसं खाली आलं आणि भाची काही न बोलता गणिताच्या कंपासपेटीतला गुण्या घेऊन आली.

सजावटीबद्दल फार सांगत नाही, ती मुलांच्या हाती सोपवावी. बदामाच्या कापांची कौलं मात्र झकास दिसतात. आपल्याकडे अडचण एकच, दमटपणा. साखर हवेतलं पाणी ओढते आणि भिंती मऊ पडतात. मुंबईपेक्षा नागपूरच्या कोरड्या थंडीत हे घर जास्त तग धरेल.

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये तर 1991 पासून दरवर्षी याचं गाव वसतं. शाळा, बालवाड्या, घरोघरची मंडळी एकेक घर आणून देतात. 2009 मध्ये कोणीतरी रात्रीतून ते सगळं तुडवलं. शहरानं पुन्हा ओव्हन तापवले आणि गाव नव्यानं उभं केलं.

घर मोडायचाही मुहूर्त असतो. स्वीडनमध्ये 13 जानेवारीला नाताळ संपतो, त्या दिवशी मुलं ते फोडून खातात. आम्ही तेवढं थांबलो नाही. माझ्या परतीच्या आदल्या संध्याकाळी भाचीनं लाटणं घेतलं आणि पहिला घाव घातला तो छपरावरच. भिंतींना दात लागेनात. त्या चहात बुडवून खाल्ल्या.