तीन वर्षं, एक तलाव

२०२१ च्या ऑक्टोबरात कोरोनानंतर कॉलेजं उघडली आणि पंधरा दिवस होत नाहीत तोच, ऐन दिवाळीत एसटीचा संप लागला. लाखनीकडच्या खेड्यांतून भंडाऱ्याला येणाऱ्या आम्हा मुलामुलींचं पहिलं वर्ष काळीपिवळीत, कुणाच्या तरी दुचाकीमागे आणि बरंचसं मोबाइलवरच गेलं. संप मिटला तोवर उन्हाळा आणि परीक्षा दोन्ही डोक्यावर आले होते. त्या वर्षाबद्दल लिहावं असं फारसं काही नाही. पुढच्या दोन वर्षांबद्दल मात्र आहे, कारण घरचा धंदा आणि कॉलेजातलं प्राणिशास्त्र यांची गाठ तेव्हा पडली.

आम्ही ढिवर. सरकारी कागदावर भटक्या जमाती (ब), गावात ढिवरटोलीवाले. शेत नाही. सोसायटीनं ठेक्यानं घेतलेला तलाव, त्यातली मासोळी आणि थंडीत शिंगाडे, यावर घर चालतं. बाबा जाळं टाकतात, माय टोपलं डोक्यावर घेऊन बाजार करते. दहावीपर्यंत वर्गात कुणी ‘घरी काय करतात’ विचारलं, की मी ‘मजुरी’ असं सांगून मोकळी व्हायची.

ज्या तलावावर आमचं पोट आहे तो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं या भागात तलाव बांधले. उतार बघून मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, खालच्या बांद्यांना धानासाठी तुडुमातून पाणी सोडायचं, असं ते शास्त्र. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि भंडारा ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो, तो त्यांच्यामुळेच. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे बरंच झालं. पण दरवर्षी पाळीवर माती टाकायची, तुडूम दुरुस्त करायचा, गाळ काढायचा, ही कामं कुणाची, याचं उत्तर तेव्हापासून नीट लागलेलं नाही. कोहळ्यांनी तलाव बांधले हे पुस्तकांत येतं. त्या तलावांत काय जगतं, काय उगवतं हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाहिलं, त्या ढिवरांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली. गावच्या तलावातली मासोळी आणि पाण्याची प्रत असा विषय मी लिहून दिला, कारण नमुना आणायला पैसे लागणार नव्हते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत त्या वर्षी हातात बसली. बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, रसायनं टाकली की तपकिरी साका बसतो. मग आम्ल, मग स्टार्चचे थेंब आणि ब्युरेटमधून थेंबाथेंबानं थायोसल्फेट. निळा रंग गेला की थांबायचं आणि आकडा लिहायचा.

पहाटेचा आकडा दुपारपेक्षा बराच कमी निघाला. पुस्तकात कारण होतं: रात्री वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, पण श्वासासाठी सगळेच घेत राहतात. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “सकारी मासोळी वरतं तोंड काढते, ते का तुले आता समजलं?”

मग मी तिला पाळीवरच घेऊन गेले. पावसाळ्याची सुरुवात होती. काठाच्या गवताजवळ पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका हलत होता. आजीनं बोट दाखवलं: खाली मरळ आहे, थांब. थोड्या वेळानं पिलांच्या बरोबर खालून काळी पाठ वर आली, हवेचा घोट घेतला आणि बुडाली. मरळ पिलांची राखण करते, हे आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीत आहे. ती राखणीला असताना गळ टाकला तर हमखास सापडते, हेही ढिवराच्या पोराला ठाऊक असतं. आजीच्या काळात तो गळ टाकायचा नाही, अशी रीत होती. “मायबापाले धरलं तं पिलायले कोन राखन?” एवढंच तिचं म्हणणं. प्रजनन काळातल्या मासेमारीबंदीवर मी पुढं सेमिनार दिला, त्यातला मुख्य मुद्दा हाच होता.

आजीनं नावं सांगितलेले मासे आणि जाळ्यात आलेले मासे असे दोन रकाने केले, तेव्हा दुसरा बराच आखूड निघाला. कारणं शोधताना अभ्यासाला खरा रंग चढला. सोसायट्या दरवर्षी कटला, रोहू, मृगळचं बीज विकत आणून सोडतात. हे नदीचे मासे, साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज पुन्हा पुढच्या वर्षी विकत. मरळ, वाघूर, शिंगूर फुकटात वाढतात, चिखलात उन्हाळा काढतात, बाजारात मरळीला भावही चांगला येतो. पण त्यांना काठची वनस्पती लागते. तिथं बेशरमची झुडपं माजली आहेत. वर गाळ काढायला जेसीबी आला की तो उताराचा काठ कापून सरळ खड्डा करतो. पाणी जास्त मावतं, कागदावर काम दिसतं, पण उथळ पाण्यातली वनस्पती संपते आणि तिच्याबरोबर अंडी घालायची जागाही.

यावर उपाय आहे, आणि तो याच भागात करून पाहिला गेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बायामाणसांना बरोबर घेऊन तलावांतली बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासोळीला जागा करून दिली. त्याबद्दल वाचलं तेव्हा आमच्या बोलीतली झाडांची नावं छापलेली पाहून वेगळीच मजा वाटली. त्यातलं देवधान आम्ही लहानपणी तोडून खायचो. महाराष्ट्रात सारस पक्षी गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरला आहे, तोही अशाच पाणथळ जागांच्या आणि धानाच्या बांद्यांच्या आधारानं. दर उन्हाळ्यात त्याची गणना होते. त्या गणनेला जायचं अजून राहिलंय.

अभ्यासाखेरीज माझा जीव मंडईत. भाऊबीज झाली की गावोगाव पाळीपाळीनं मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालतं. काका दंडारीत बाईचं काम करायचे. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही तलावावरची छोटी दंडार झाडीबोलीत बसवली. ज्या बोलीला मी शहरातल्या मैत्रिणींसमोर दाबत होते, तिला त्या दिवशी टाळ्या पडल्या.

त्याच वर्षी सहलीला पवनीला गेलो. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. शिळांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती. परतताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: वर्षभर मासोळी विकणाऱ्या माझ्या मायचं नाव आमच्या सोसायटीच्या सभासद यादीत नाही. यादीत पुरुषच. ठेक्याच्या बैठकीला बाया जात नाहीत, कारण त्यांना बोलावणंच नसतं.

पवनीजवळच गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. आता त्याच्या फुगवट्यात वैनगंगा संथ झाली आहे आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे त्याच पाण्यात येतं. एका गावच्या तलावाचं प्राणवायूचं गणित इथं जिल्हाभर मोठं होतं. ते मोजणारी, समजणारी माणसं इथलीच हवीत.

म्हणून पुढचं ठरवलं आहे. नागपूरला एमएस्सी, त्याबरोबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षेची तयारी. नोकरी लागली तर उत्तम. नाही लागली तर मरळीचं बीज गावातच तयार करायचं, बायांचा गट करून. वारशाचं कौतुक करायला सगळे तयार असतात. त्यावर पोट चालेल अशी सोय झाली, तरच आमची पोरं पाळीवर थांबतील.

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: विषय इंटरनेटवर शोधण्याआधी आपल्या गावच्या तलावावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा, नावं लिहून घ्या आणि त्या यादीखाली सांगणाऱ्याचंही नाव लिहा.