पुसलेलीं स्वामित्वचिन्हें : जेरुसलेममधील अरबी ग्रंथ व एमिली जासिर यांचें कार्य

जुन्या पोथीच्या अखेरीस लिहिणाराचें नांव, लेखनकाल व पोथी कोणाच्या मालकीची हें सांगणारी ओळ असली म्हणजे तिचें मोल किती वाढतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. संहिता सर्वत्र एकच असली तरी त्या ओळीमुळें ती पोथी एका घराण्याशीं, गांवाशीं व काळाशीं जोडली जाते. ही ओळ नाहींशी झाली तर काय हरवतें, व उरल्यासुरल्या खुणांवरून काय परत मिळवितां येतें, ह्याचें अलीकडील उदाहरण पॅलेस्टाइनच्या कलावंत एमिली जासिर यांच्या कार्यांत सांपडतें. त्याचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

जासिरबाईंचें घराणें बेथलेहेमचें. त्यांचें बालपण सौदी अरबस्तानांत गेलें. शालेय शिक्षण इटलींत व कलेचें शिक्षण अमेरिकेंत झालें. परंतु रंग व कुंचला ह्यांपेक्षां याद्या, पत्रें, छायाचित्रें व दप्तरें हींच त्यांचीं खरीं साधनें होत. इतिहासकार वालिद खालिदी यांनीं इ. स. १९९२ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १९४८ च्या युद्धांत ओस पडलेल्या वा उद्ध्वस्त झालेल्या ४१८ गांवांची नोंद आहे. तीं नांवें जासिरबाईंनीं इ. स. २००१ त निर्वासितांच्या एका तंबूवर भरतकामानें उतरविलीं. त्या कामीं न्यूयॉर्कमधील अनेक लोकांचे हात लागले. पुढें रोम येथें ता. १६ ऑक्टोबर १९७२ रोजीं इस्रायली हस्तकांकडून मारले गेलेले भाषांतरकार वाएल झ्वेतर यांच्या चरित्राचीं साधनें त्यांनीं जमविलीं. म्यूनिचच्या हत्याकांडाशीं झ्वेतर यांचा संबंध होता असें इस्रायलचें म्हणणें. त्यांच्या स्नेह्यांनीं तें नाकारलें. मृत्युसमयीं त्यांच्याजवळ अरबी सुरस कथांचें एक पुस्तक होतें व एक गोळी त्यांत रुतली होती. गोळीनें भेदलेल्या पानांचीं छायाचित्रें ह्या साधनसंग्रहांत आहेत. ह्या कार्याबद्दल इ. स. २००७ त व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्यांस सुवर्णसिंहाचें पारितोषिक मिळालें.

आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें तें पुढील कार्य. तें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. मे १९४८ पासून फेब्रुवारी १९४९ पर्यंत पश्चिम जेरुसलेममधील अरब वस्त्यांतील रिकाम्या घरांतून सुमारें ३०,००० पुस्तकें, हस्तलिखितें व नियतकालिकें गोळा करून यहुदी राष्ट्रीय व विश्वविद्यालयीन ग्रंथालयांत ठेवण्यांत आलीं. कतमोन वस्तींतील शिक्षणतज्ज्ञ खलील सकाकिनी यांचा संग्रह त्यांतच गेला; १९६७ च्या युद्धानंतर त्यांच्या कन्यांस वडिलांचीं पुस्तकें तेथें पाहावयास मिळालीं. लुटीपासून व नाशापासून ग्रंथ वांचविले, असा ग्रंथालयाच्या बाजूनें युक्तिवाद केला जातो, व तो सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं. परंतु आरंभीं कित्येक ग्रंथांच्या नोंदींत मूळ मालकांचीं नांवें होतीं. १९६० च्या दशकांत त्यांच्या जागीं ‘ए. पी.’ हीं दोन अक्षरें आलीं. त्यांचा अर्थ ‘परित्यक्त मालमत्ता’. असे सुमारें ६,००० ग्रंथ ह्या खुणेखालीं आहेत.

इ. स. २०१० ते २०१२ ह्या काळांत जासिरबाईंनीं वारंवार ह्या ग्रंथालयांत जाऊन ते ग्रंथ मागवून चाळले, व आपल्या भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यानें त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. मजकुराकडे त्यांचें लक्ष नव्हतें. सह्या, अर्पणाच्या ओळी, समासांतील टिपा, शिक्के, डाग, पानांत राहिलेले कागदाचे कपटे एवढेंच त्यांनीं टिपलें. सूचींतून नांव काढतां येतें, परंतु मुखपृष्ठामागील शाईचें अक्षर तसेंच राहतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पुराव्यानें दाखविलें.

ह्या छायाचित्रांचें प्रदर्शन इ. स. २०१२ त जर्मनींतील कासेल येथें झालें. तेथील फ्रिडेरिशिआनुम ह्या इमारतींतील मोठा ग्रंथसंग्रह इ. स. १९४१ च्या बाँबवर्षावांत जळाला होता. शिवाय त्याच देशांत ऑफेनबाख येथें अमेरिकन अधिकाऱ्यांनीं इ. स. १९४६ त एक आगर उघडलें होतें. नाझींनीं लुटलेले लक्षावधि ग्रंथ तेथें आणून, त्यांवरील मुद्रा व स्वामित्वपत्रें ह्यांचीं छायाचित्रें जुळवून, ते मूळ धन्यांस परत पाठविण्यांत आले. ज्यांस वारस उरला नव्हता अशा यहुदी ग्रंथांपैकीं कांहीं जेरुसलेमच्या ह्याच ग्रंथालयाकडे गेले. म्हणजे एकाच छताखालीं चिन्हें वाचून मिळालेले ग्रंथ व चिन्हें झांकून ठेवलेले ग्रंथ शेजारीं शेजारीं आले. ऑफेनबाखची आठवण जासिरबाईंनीं जाणूनबुजून जागविली आहे.

ह्यावरून आम्हांस जें सांगावयाचें तें इतकेंच, कीं ग्रंथ जतन होणें व ग्रंथाचा इतिहास जतन होणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाळवीपासून वांचलेली पोथीहि मालकाचें नांव गमावून अर्धी मुकी होते. मग तें नांव युद्धानें जावो, कीं नवें वेष्टन घालतांना संग्राहकाच्या हलगर्जीनें जावो. तेव्हां पोथी कोठून, कोणाकडून व केव्हां आली ही नोंद प्रत्येक संग्राहकानें पोथी हातीं येतांच करावी, व जुनी ओळ कितीहि क्षुल्लक दिसली तरी ती खोडूं नये. परत देण्याचा प्रश्न आज सुटो वा न सुटो. नांव शाबूत असेल तरच तो उद्यां विचारतां येईल.