शेकडा साडेतीन रुपये महिना : क्रेडिट कार्ड घेण्याआधी हा हिशेब वाचा

चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर भागातली आपली मुलेमुली आज चाकण, हिंजवडी, वाळूजच्या कंपन्यांत कामाला आहेत. दोन-चार पगार बँकेत जमा झाले की फोन येतो : "सर, तुमच्या नावावर क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे, लाइफटाइम फ्री आहे." ज्यांच्या आजोबांना दोनशे रुपयांसाठी सावकाराच्या ओट्याखाली उभे राहावे लागत होते, त्यांना आज बँक स्वतःहून लाखभराची उधारी देऊ करते. याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. कार्ड घेऊच नये असे सांगणारा हा लेख नाही, पण घेण्याआधी त्याचा व्याजदर आपल्या गावच्या भाषेत समजून घ्यावा.

बहुतेक कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असते. साडेतीन धरू. म्हणजे शेकडा साडेतीन रुपये महिना. सावकाराचा दर आपल्याकडे याच पद्धतीने सांगतात, म्हणून हा आकडा लगेच कळेल. वर्षाचे होतात ४२ टक्के. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो धरला की ४९ टक्क्यांच्या वर. आता तुलना करा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार शासनाने परवानाधारक सावकारासाठी दर ठरवून दिले : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. याहून जास्त घेणाऱ्या सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. बँकेच्या कार्डाला मात्र हा कायदा लागू नाही.

कार्डाच्या व्याजावर मर्यादा घालण्याचा एक प्रयत्न झाला होता. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, अशी न्यायालयाची भूमिका. परिणाम एवढाच की आज कार्डाच्या दराला ठरावीक वरची मर्यादा नाही. आपल्या चळवळीत यावर चर्चा झाली पाहिजे, पण ती होईपर्यंत स्वतःचा बचाव आपल्यालाच करायचा आहे.

आता दुसरी बाजू. हेच कार्ड पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला एक पैसाही व्याज लावत नाही. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. ६ तारखेला घेतलेली वस्तू पुढच्या महिन्याच्या ५ च्या बिलात येते आणि पैसे त्या २५ तारखेपर्यंत द्यायचे असतात. म्हणजे जवळपास पन्नास दिवस बिनव्याजी वापर. ४ तारखेला घेतली तर जेमतेम तीन आठवडे मिळतात. मोठी खरेदी करायचीच असेल तर बिलाच्या तारखेनंतर करा.

ही सवलत टिकते ती पूर्ण रक्कम भरली तरच, आणि बिलावरची 'मिनिमम अमाउंट ड्यू' ही ओळ नेमकी इथे दगा देते. वीस हजार थकीत आहेत, त्यावर हजारभर रुपये भरा म्हणून बिल सांगते. हजार भरले, विलंब शुल्क लागले नाही, माणूस निर्धास्त होतो. पण उरलेल्या रकमेवर साडेतीन टक्के चालूच राहते. ढोबळ हिशेब केला : वीस हजार बाकी, नवीन खरेदी शून्य, दर महिन्याला फक्त पाच टक्के भरणा. वर्षभरात तुमच्या खिशातून साधारण ११,७८० रुपये जातात आणि वर्षअखेर तरीही सुमारे १७,५६० रुपये देणे उरते. वर्षभर इमाने इतबारे भरूनही मूळ रकमेतले अडीच हजारसुद्धा फिटले नाहीत. शिवाय बाकी असताना नवीन काही घेतले तर त्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते, पन्नास दिवसांची सवलत संपलेली असते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर सवलत मुळातच नसते. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वरून शुल्क. दुकानात कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख देणारे लोक शहरात भेटतात, तो व्यवहार बँकेच्या नियमात बसत नाही आणि अडकलेल्याला आणखी खोल नेतो.

अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात तथागतांनी कर्जाची साखळी सांगितली आहे : दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. त्याच निकायातल्या अनण सुत्तात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना ऋणमुक्त असण्याच्या सुखाला त्यात जागा दिली आहे. अनाथपिंडिक हा मोठा व्यापारी होता, हे लक्षात घेतले पाहिजे. उपदेश भिक्खूंसाठी नव्हता, रोज पैशाचा व्यवहार करणाऱ्या माणसासाठी होता.

कर्ज मुळातच वाईट असेही नाही. बाबासाहेब १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने, अशी जुळवाजुळव केली. त्यातून १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध उभा राहिला. आपण कार्डावर काय घेतो आहोत, हे त्याशेजारी ठेवून पाहावे.

बुलडाण्यातल्या तरुणासाठी एक अडचण खास आपली आहे. ज्या घरात पगार नाही, तिथे पैसा सोयाबीन, कापूस, हरभरा विकल्यावर येतो, तोही भाव मिळाला तर. कार्डाचे बिल मात्र दर तीस दिवसांनी येते. उत्पन्न हंगामी आणि देणे मासिक असेल तर कार्ड घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. फेलोशिपच्या हप्त्याची वाट पाहणारे संशोधक विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे यांनाही हेच लागू. शेतीसाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. नावात साम्य असले तरी ते पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेवर फेडल्यास ४ टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यावर येते. बियाणे-खतासाठी साधे क्रेडिट कार्ड वापरणे म्हणजे शून्य टक्क्याचे सोडून बेचाळीसचे घेणे.

नियमित पगार असेल तर कार्ड निवडताना जाहिरातीतल्या गोष्टी बाजूला ठेवा. विमानतळावरचा लाउंज लोणार-मेहकर एसटीने फिरणाऱ्याच्या काय कामाचा? साध्या कार्डांवर शंभर रुपयांच्या खरेदीमागे पंचवीस पैसे ते रुपयाभर परत मिळतो, त्यासाठी नको ती खरेदी करू नये. पाहायचे ते हे : वार्षिक शुल्क खरोखर नाही का, की 'वर्षाला अमुक खर्च केला तर माफ' अशी अट आहे, दरमहा व्याज किती, विलंब शुल्क किती. एकच कार्ड पुरते. मर्यादा महिन्याच्या पगाराच्या आत स्वतः कमी करून घ्या, बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ती सोय आहे. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येते, त्यामुळे दुकानातल्या क्यूआर कोडवरही चालते. सोयीचे आहे, पण चहापासून पेट्रोलपर्यंत सगळे उधारीवर जाते आणि महिनाअखेर आकडा पाहून डोळे पांढरे होतात. रोजचा किरकोळ खर्च बचत खात्यातूनच करावा. पगाराची पावती नसेल, पण सिबिलचा इतिहास तयार करायचा असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्या. खर्च ठेवीच्या आतच राहतो.

कार्यकर्त्यांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. १४ एप्रिलचे डीजे, मंडप, भोजनदान, दीक्षाभूमीच्या गाड्या यांची आगाऊ रक्कम अनेकदा एखादा नोकरीवाला कार्यकर्ता आपल्या कार्डावर भरतो. वर्गणी नंतर जमणार असते. ती अर्धी जमते, उरलेले देणे त्याच्या नावावर राहते, आणि संकोचापोटी तो कुणाला मागतही नाही. समितीने हे थांबवावे. वर्गणी आधी, बुकिंग नंतर, आणि हिशेब समितीच्या बँक खात्यातून. मित्राला मोबाईल घ्यायचा म्हणून आपल्या कार्डावर हप्ते बांधून देणेही तसेच : तो चुकला तर बँकेच्या दृष्टीने चुकलेले तुम्हीच. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी असू शकतो, तो आधी विचारा.

आधीच अडकला असाल तर कार्ड वापरणे आजच बंद करा. बँकेला बाकी रक्कम कमी दराच्या हप्त्यांत बदलून मागा, किंवा घरात सोने असेल तर बँकेच्या सोनेतारणातून कार्ड फेडा. त्याचा दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी असतो. 'सेटलमेंट' हा शेवटचा उपाय, कारण ती नोंद सिबिलमध्ये राहते आणि उद्या घरकर्जाला आडवी येते. वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही, नातेवाइकांसमोर अपमान करू शकत नाही. केला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ओटीपीची फसवणूक झाली तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० वर कळवा.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियमही माहीत असू द्या. तुमच्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही, मर्यादा वाढवता येत नाही. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येते. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो मागवून न घेतलेले कर्ज नावावर आहे का ते पाहा. बाकी पूर्ण भरून कार्ड बंद करायला सांगितले, तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते; उशीर केला तर दर दिवशी ५०० रुपये तुम्हाला देणे लागते. अर्ज ईमेलने करा, पोच जपून ठेवा आणि बंद झाल्याचे पत्र मिळाल्यावरच कार्ड कात्रीने कापा.