बटण नसलेलं वीजघर

गेल्या पावसात हॉलच्या छताला ओल आली. आता मे महिन्यात गच्चीचा जुना कोबा फोडून वॉटरप्रूफिंग करायचं ठरलंय. पण गच्चीवर तर सहा सोलर पॅनेलं बसलीत! मग काय झालं? नट सोडायचे, पॅनेलं बाजूला ठेवायची, काम आटोपलं की परत बसवायची.

थांबा. त्याआधी पॅनेल बंद कसं करणार?

पंख्याला बटण आहे, फ्रिजला आहे. पॅनेलला नाही. मेन स्विच पाडा, इन्व्हर्टर बंद करा, महावितरणची वीज जाऊ द्या, पॅनेलला त्याचा पत्ताही लागत नाही. ऊन आहे तोवर त्याच्या तारांच्या टोकांशी व्होल्टेज हजर. ते बंद करायचं तर सूर्यच मालवायला हवा!

आत ना चाक फिरतं, ना काही जळतं. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि एका दिशेला ढकलले जातात. बस्स. अशी एक चकती अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब देते. चकती नखाएवढी असो की तळहाताएवढी, दाब तेवढाच! मोठ्या चकतीतून प्रवाह जास्त मिळतो, इतकंच.

मग एवढ्याशा दाबाला घाबरायचं कशाला? दहीहंडीचे थर आठवा. एकाच्या खांद्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. सध्याच्या 540 वॉटच्या पॅनेलमध्ये असे 72 थर लागतात आणि दाब 49 व्होल्टच्या आसपास पोचतो. सहा पॅनेलं एकापुढे एक जोडली की जवळजवळ 300 व्होल्ट! अर्ध्या-अर्ध्या व्होल्टनं रचलेला हा मनोरा भर उन्हात निमूट उभा असतो. ना आवाज, ना थरथर.

आणि ही वीज घरातल्या विजेसारखीही नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला उसंत मिळते. पॅनेलचा डीसी प्रवाह एकाच दिशेनं, अखंड. तो वाहत असताना जोडणी ओढून काढली तर ठिणगी विझत नाही, टोकं दूर न्याल तशी ती ताणली जाते आणि प्लास्टिक वितळवते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी इन्व्हर्टरकडची एसी बाजू तोडतो, मग डीसी स्विच, मग काही मिनिटं नुसता थांबतो. इन्व्हर्टरच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ओसरायला हवी ना! मीटर लावून प्रवाह शून्य असल्याची खात्री केली की मगच तो जोडण्या सोडवतो. एकेक जोडणी सुटते, मनोऱ्याचे थर उतरतात आणि 300 व्होल्टऐवजी उरतात सहा सुटी, 49 व्होल्टची पॅनेलं. त्यांच्यावर जाड ताडपत्री टाकली की झाली रात्र! भर दुपारी, हातानं आणलेली.

उचलतानाही जपायचं. पॅनेलचं वजन 27-28 किलो, वरची काच भक्कम, पण आतली चकती जेमतेम दीड दशांश मिलिमीटर जाड. दोन केस एकावर एक ठेवा, साधारण तेवढी. पॅनेलवर पाय दिला तर काच तग धरते आणि चकतीला मात्र डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

परत बसवताना खरी गंमत पायाची आहे. तिरकं पॅनेल वाऱ्यात विमानाच्या पंखासारखं उचललं जातं. आपल्या बांधकाम मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर! त्या वाऱ्यात पॅनेलं धरून ठेवायला नव्या कोब्याला भोकं पाडणं मला तरी करंटेपणा वाटतो. काँक्रीटचे ओटे आधी बांधावेत, वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवून घ्यावं, गच्चीत दोन दिवस पाणी कोंडून पाहावं. खालचं छत कोरडं राहिलं, तरच पॅनेलं वर चढवावीत.

शेवटी स्विच वर होतात. तरी इन्व्हर्टर लगेच वीज सोडत नाही. तो आधी बाहेरच्या तारांची नाडी बघतो, सेकंदाला 50 ठोके नीट पडताहेत ना ते तपासतो, थोडा वेळ वाट पाहतो. मग आपला ठोका त्यांच्या ठोक्यात तंतोतंत मिसळतो, आणि महिनाभर गप्प असलेला हिरवा दिवा लागतो.